केळीच्या पानावरचा नवरा

रतनबाईचा स्वभाव मत्सरी होता. गावात हे कुणी लपवून बोलत नसे आणि रतनबाईही ते नाकारत नसे. शेजारणीच्या म्हशीनं तांब्याभर दूध जास्त दिलं तरी तिच्या पोटात दुखायचं. पण ते सगळं वरवरचं. तिचा खरा मत्सर एकाच माणसापायी होता, आणि तो माणूस म्हणजे तिचा नवरा, बन्सी गुळव्या.

बन्सीवरून कुणी जळावं असं त्याच्यात काय होतं, ते देवालाच ठाऊक. दिसायला काळा, हाडकुळा, चालताना एका बाजूला कललेला. पण नेवाशाच्या अलीकडच्या प्रवराकाठच्या त्या गावात, आणि आजूबाजूच्या चार गावांतही, गुऱ्हाळ लागलं की आधी त्याला बोलावणं यायचं. सगळा हिवाळा तो रस उकळायच्या लोखंडी काहिलीपुढं उभा असायचा. उकळत्या रसाकडं तो जसा टक लावून बघायचा, तसं त्यानं आपल्याकडं कधी बघितलं नाही, हे रतनबाईचं दुखणं. "माझी सवत लोखंडाची हाय," ती म्हणायची. "दिसभर तिच्यापुढं हुबं ऱ्हात्यात आन घरी आलं की मुक्यावानी बसत्यात." ऐकणाऱ्या बाया हसायच्या. रतनबाई हसत नसे.

बन्सी घरात बोलतच नसे. भाकरी चांगली झाली म्हणून बोलला नाही, करपली म्हणूनही नाही. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, एकुलती लेक नांदायला गेली, तरी या माणसाला आपण हव्या आहोत की नुसत्या चालतो, हे काही रतनबाईला कळलं नव्हतं. तेवढं एक कळावं म्हणून ती जन्मभर त्याच्या तोंडाकडं बघत आली होती.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर त्याच तोंडात फोड आले. तोंड आलंय म्हणून रतनबाईनं आधी त्याच्या तंबाखूला शिव्या घातल्या आणि चुन्याची डबी उकिरड्यावर फेकली. जाईचा पाला चघळायला दिला, तूप लावलं. गुण येईना. तिखट तर सुटलंच, पुढं ताकसुद्धा झोंबायला लागलं आणि बन्सी दुधात कुस्करलेली भाकरी डोळे मिटून गिळायला लागला. मग एक दिवस आंघोळीला बसला असता छातीवर आणि पाठीवर पाण्यानं भरलेले फोड दिसले.

गुऱ्हाळावरची माणसं म्हणाली, पाक उडाला असेल. बन्सी म्हणाला, उडाला न्हाई. एका म्हाताऱ्यानं नागीण ठरवली आणि गेरू फासायला सांगितला. शेजारची छबूबाई आली, दुरूनच बघितलं आणि तिनं देवी आल्याचं जाहीर केलं. झालं. दाराला लिंबाचा टहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. उंबऱ्याच्या आत कुणी येईना.

देवीचं नाव निघाल्यामुळंच नर्सबाई आली. गावात सरकारी उपकेंद्र होतं आणि तिथं प्रेमला नावाची नर्स नेमलेली होती. नगरच्या एका शाळामास्तरांची मुलगी. तिशीच्या आतली, लग्न न झालेली, पांढऱ्या पातळातली. देवीचा रोगी निघाला तर वर कळवावं लागे, म्हणून ती टहाळा बाजूला करून सरळ आत शिरली आणि रतनबाई काही म्हणायच्या आत बन्सीच्या अंगावरचं धोतर उचलून बघायला लागली.

"आधी तोंडात आलं का, बन्सीभाऊ?"

बन्सीनं मान हलवली.

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासनं, बाई," बन्सी म्हणाला. छबूबाईला त्यानं एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं.

नर्सबाईनं एका फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर बोट ठेवलं आणि हलकेच सरकवलं. भाजलेल्या वांग्याची साल सुटावी तशी वरची कातडी सुटली. खाली लाल, ओलं अंग दिसलं. बन्सीनं दात आवळले. नर्सबाईनं हात काढून घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"या देवी नाहीत, वहिनी. देवीचे फोड टणक असतात, सगळे एकदम वर येतात आणि खपली धरतात. हे ढिले आहेत, फुटतात आणि जागा तशीच उघडी राहते. डॉक्टर याला पेम्फिगस म्हणतात. कुणाला लागत नाही. पण अंगावरची कातडी गेली की भिंत पडलेल्या घरासारखं होतं, कुठूनही काहीही आत येतं. नगरला वॉर्डात असताना मी असा एक माणूस बघितलाय. फार उशिरा आणला होता." त्या माणसाचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि रतनबाईनं विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बन्सीला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं महिनाभर गोळ्या दिल्या आणि नवे फोड यायचे थांबले तसं घरी धाडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, नाहीतर माणूस हाताला लागणार नाही. पाठ आणि कंबर अजून उघडीच होती. तिथली देखभाल गावच्या नर्सनं करायची असं ठरलं.

आणि इथून रतनबाईच्या जिवाला घोर लागला.

प्रेमला रोज सकाळी यायची. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायची. मिठाच्या कोमट पाण्यानं बन्सीला चुळा भरायला लावायची. मोठा फोड असला तर उकळलेल्या सुईनं टोचून पाणी काढायची, पण वरची कातडी तशीच राहू द्यायची. "देवानं दिलेली पट्टी आहे ती, फाडायची नाही." फिकट जांभळ्या औषधाच्या पाण्यात कापूस भिजवून ती पाठीवर नुसता टेकवायची, घासायची नाही. आणि मग केळीची पानं. परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर रतनबाईनं केळीचं बन वाढवलेलं होतं. त्यातली कोवळी पानं कापायची, उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची, तुकतुकीत बाजू वर ठेवून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि ती बाजेवर अंथरून बन्सीला त्यावर निजवायचं. कापड ओल्या जखमेला चिकटतं, पान चिकटत नाही.

केळी माझ्या, सांडपाणी घालणारी मी, आणि पानं अंथरणार ही. रतनबाई दाराआड उभी राहून बघायची. तो पांढरा स्वच्छ हात आपल्या नवऱ्याच्या उघड्या पाठीवर टेकला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या पाठीला वीस वर्षं तेल कुणी चोळलं होतं? काहिलीची धग लागून आला की लोणी कुणी लावलं होतं? तेव्हा कधी हूं की चूं केलं नाही या माणसानं. आणि आता नर्सबाईनं "बरं वाटतंय का?" विचारलं की म्हणायचा, "लई बरं वाटलं, बाई."

लई बरं. हे दोन शब्द ऐकून ऐकून रतनबाईचे कान किटले असते तरी चाललं असतं.

त्यात छबूबाई होतीच चूल फुंकायला. गोळ्यांमुळं बन्सीचं तोंड गोल, गुबगुबीत झालं होतं. "औषधानं तसं होतं, तब्येत नाही ती," असं नर्सबाईनं सांगितलं होतं, पण छबूबाईला ते कुठं ठाऊक. "बाई, मालक कसं टवटवीत दिसत्यात गं," ती कुंपणावरून म्हणाली. "एवडी वर्सं तुजं खाऊन हाडं न्हाई झाकली. नर्सबाईचा हात मानवला म्हनायचा."

"भाऊ म्हनती ती त्यास्नी," रतनबाई म्हणाली.

"म्हनंना. म्हनायला काय लागतं?"

रतनबाईलाही मनातून तेच वाटत होतं. शिवाय पानाचं तिला मुळातच पटलेलं नव्हतं. पानावर जेवतात, माणूस निजवत नाहीत. आपल्या घरात बिछान्याला चिंधी नाही का, की नवऱ्यानं नैवेद्यासारखं पानावर पडावं? तिच्याजवळ सासूच्या लुगड्यांची गोधडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तिचे टाके रतनबाईनं स्वतः घातले होते. लेक झाली तेव्हा बाळंतिणीला तीच, सासू गेली तेव्हा शेवटपर्यंत अंगाखाली तीच. या घरात आजारी माणसाला ती गोधडी हीच रीत होती.

शिमग्याच्या आधी नर्सबाईला दोन दिवस नेवाशाला शिबिराला जावं लागलं. जाताना तिनं पुन्हा एकदा सगळं सांगितलं. पानं दिवसातून तीनदा बदलायची आणि काही झालं तरी कापड अंगाखाली घालायचं नाही. रतनबाई मान हलवत होती. पहिला दिवस तिनं पानं अंथरलीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उकळलेलं पाणी घेऊन बाजेपाशी आली तर बन्सी दाराकडं बघत पडलेला.

"बाई कवा येनार?" त्यानं विचारलं.

रतनबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं पानं गोळा केली, परसात नेऊन टाकली आणि कोठीतली गोधडी आणून बाजेवर टाकली.

"पान ऱ्हाऊ दे की," बन्सी हळूच म्हणाला.

"का? त्या बाईच्या हातचंच पायजे व्हय? माज्या हातची गोधडी टोचती?"

बन्सीनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग तो गोधडीवर निजला.

दुपारी ऊन चढलं, घाम आला. संध्याकाळी खिमट भरवायला म्हणून रतनबाईनं त्याच्या खांद्याखाली हात घालून त्याला उचललं, तेव्हा गोधडीही बरोबर उठली. कुठं अडकली म्हणून तिनं ती सवयीनं ओढली. गोधडी सुटली आणि तिच्याबरोबर पाठीची तळहाताएवढी कातडी सुटली.  बन्सीनं फक्त बाजेची कड घट्ट धरली. रतनबाईच्या हातात गोधडी होती आणि गोधडीवर तिचा नवरा होता.  मग कोमट पाणी ओतून ओतून उरलेलं कापड तिनं सोडवलं. आपल्या हाताइतका वाईट हात जगात नाही असं तिला वाटत होतं.

सकाळी बन्सीला ताप भरला. दुपारी नर्सबाई आली, पाठ बघितली आणि तिचा आवाज चढला.

"हे कुणी केलं?"

रतनबाई पुढं सरकली. तेवढ्यात बाजेवरून बन्सी म्हणाला, "म्या केलं, बाई. पानाचा कटाळा आल्ता. हिनं न्हाई न्हाई म्हनलं तरी म्याच गोधडी मागून घेतली."

मग नर्सबाई त्याच्यावर जी तुटून पडली ती पडलीच. एवढं समजावून सांगितलं, तुम्हाला जिवाची किंमत नाही, वहिनी बिचाऱ्या रात्रंदिवस राबतात त्यांची तरी काही लाज धरा. बन्सी ऐकून घेत होता. वहिनी बिचाऱ्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. नर्सबाईनं नेवाशाच्या डॉक्टरांना निरोप धाडला, इंजेक्शनं सुरू झाली. तीन-चार दिवस बन्सी हाती लागेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याला जरा शुद्ध आली तेव्हा रतनबाई त्याच्या कानाशी वाकली. "खोटं का बोलला?"

"कुटं?"

"नर्सबाईला. गोधडी म्या घातली हुती."

बन्सीनं डोळे मिटले. बोलायला त्याच्या तोंडाला अजून त्रास व्हायचा. "तिच्यापुढं तुला मान खाली घालाया लावू व्हय?" तो म्हणाला. "ती परकी हाय."

रतनबाई परसात गेली आणि केळीपाशी उभी राहून पोटभर रडली. बावीस वर्षांत त्यानं एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगायला त्याला पाठीची कातडी द्यावी लागली.

संध्याकाळी ती आपण होऊन उपकेंद्रावर गेली आणि नर्सबाईला खरं काय ते सांगितलं. मत्सराचंसुद्धा.  नर्सबाईला राग आला आणि तिनं तो लपवला नाही. "माझ्यावर जळायचं तर जळा, वहिनी, मला काही होत नाही. पण त्यांना पुन्हा नगरला हलवणं आता धोक्याचं आहे. दर तीन तासांनी कूस बदलायला हवी आणि मी एकटी तेवढं करू शकत नाही. शिकाल का?"

शिकायचं म्हणजे जिच्यावर जळायचं तिच्याच पुढं मान तुकवायची. रतनबाई शिकली. नखं काढली, हातातल्या बांगड्या उतरवून नुसते काळे मणी गळ्यात ठेवले. बांगडीचा कंगोरा लागला तरी कातडी जाते, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. माणूस उचलायचा नसतो, पानासकट सरकवायचा असतो. एका कुशीवर वळवून मागं नवं पान लावायचं आणि त्याच्यावर परत लोटायचं. पाठीवरच्या ओलाव्याला वास येतो का, पू हिरवट दिसतो का, तोंडात नवा फोड आहे का, हे रोज बघायचं आणि दिसलं की लगेच सांगायचं. सुरुवातीला तिचं चुकायचं. नर्सबाई खेकसायची. रतनबाई दात-ओठ खाऊन पुन्हा हात धुवायची.

एक दिवस ती बन्सीला एकटीनं कुशीवर वळवत होती आणि प्रेमला नुसती बघत उभी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एक गंमत बघितलीत का? माझा हात लागला की ते सगळं अंग ताठ धरतात. लाजतात. तुमच्या हाताखाली कसे सैल पडले."

"मंग लई बरं वाटलं असं तुमालाच का म्हनत्यात?"

"परक्या माणसाला बरं म्हणावं लागतं, वहिनी."

हे ऐकून रतनबाईला बरं वाटलं, पण पुरतं नाही. परक्याला तर परक्याला, पण म्हणतो ना? मत्सर असा एका वाक्यानं जात नसतो. नर्सबाई पाठीला हात लावायची ते रतनबाईला अजूनही खुपायचं. फरक एवढाच, की आता ती दाराआडून न बघता शेजारी उभी राहून बघायची.

वळवाच्या सुमाराला पाठ भरून आली. गोळ्या हळूहळू कमी झाल्या. बन्सी आधी ओसरीवर बसायला लागला, मग मळ्यापर्यंत जायला लागला. बोलणं मात्र पहिल्यासारखंच, म्हणजे नाहीच. तोंड मोकळं झालं तरी त्यातून "लई बरं" काही बाहेर पडलं नाही, निदान रतनबाईसाठी नाही. तिला वाटायचं, तापात बोलला ते बोलला. माणूस तापात कुणाच्याही गळ्यात पडतो.

त्या साली पाऊस आलाच नाही. हिवाळ्यात ऊस नाही म्हणून गुऱ्हाळंही लागली नाहीत आणि बन्सी घरीच होता. गावातल्या केळी वाळून गेल्या. रतनबाईचं बन तेवढं न्हाणीच्या पाण्यावर जगलं होतं, कारण ती स्वतः आंघोळीला तांब्या कमी घेई, पण केळीला पाणी चुकवत नसे. म्हणूनच नर्सबाई एका सकाळी दारात आली. दोन कोसांवरच्या गावात तसलाच रोगी निघाला होता. पानं हवी होती.

"आणि तुम्हीही या," ती म्हणाली. "ते घर फार घाबरलंय. पान कसं अंथरायचं ते माझ्यापेक्षा तुम्ही दाखवलंत तर त्यांना पटेल."

रतनबाई विळा घेऊन परसात गेली. पानं कापून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बांगड्या उतरवून फळीवर ठेवल्या. मागं बघितलं तर बन्सी उभा. त्याची नजर त्या बांगड्यांवर होती.

"कुटं निगाली?"

"नर्सबाईसंगं. पेशंट हाय."

 बन्सीनं डोक्याचं मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. "बाईमानूस का बाप्यामानूस?"

रतनबाई वळली. ओसरीवर नर्सबाईनं पेशंटचं नाव सांगितलं होतं. लंकाबाई, साठीची, विधवा.

"बाप्या हाय," रतनबाई म्हणाली.

"म्हातारा?"

"न्हाई. तरना हाय."

बन्सीच्या कपाळाला आठी पडली.  "मंग त्याच्या घरात बायामान्सं न्हाईत का हात लावाया?"

"हायत की. पर त्यास्नी येत न्हाई."

"तुलाच तेवडं येतं," बन्सी म्हणाला. मग त्यानं तिच्या हातातला पानांचा भारा ओढून घेतला. "मी बी येतो."

"तुमी कशाला?"

"पानं जड हायत."

पानं मूठभर वजनाचीही नव्हती. ओसरीवर हे सगळं ऐकत उभ्या असलेल्या नर्सबाईनं रतनबाईकडं बघितलं, काय ते ओळखलं आणि पदर तोंडाशी धरून ती पुढं चालायला लागली. तिच्यामागं रतनबाई आणि रतनबाईला अगदी खेटून, भारा खांद्यावर टाकलेला, धुमसत, मुका बन्सी. दोन कोसांच्या वाटेत त्यानं एकच प्रश्न विचारला. तरना म्हंजी कितीसा तरना? रतनबाईनं सांगितलं, असंल तिशीचा, दिसायला बी बरा हाय म्हनत्यात.

ओसरीवर निजलेली साठीची लंकाबाई त्याला समोर दिसेपर्यंत तिनं खरं सांगितलं नाही. वाटभर ती मान वळवून वळवून त्याच्या कपाळावरची ती आठी बघत राहिली, आणि कितीदा बघितली तरी तिचं मन भरत नव्हतं.